औटकी आणि पडद्यावरचा दिवा

गेल्या वसुबारसेची गोष्ट. शिरपूरच्या बाजारात पणत्या घेत उभा होतो. एक गृहस्थ समोर आले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "मामा, वळखं का?" चेहरा ओळखीचा, आवाज ओळखीचा, नाव मात्र काही केल्या ओठांवर येईना. "वा वा, कधी आलास?" असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी येऊन वर्णन सांगितले तेव्हा सौभाग्यवतींनी हातातले निरांजन खाली ठेवले. तो माझ्या चुलतबहिणीचा मुलगा होता. लहानपणी दोन वर्षे आमच्याच घरी राहून शिकलेला!

वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी तपासले, वयोमानाप्रमाणे थोडे असे व्हायचेच म्हणाले. पुण्याहून मुलगा आला तो टॅब्लेट घेऊन. (आमच्या वेळी टॅब्लेट पाण्याबरोबर गिळायची असे, ही बोटाने दाबायची.) तीत बुद्धीचे व्यायाम. नऊ चौकोनांतले काही चौकोन एकामागून एक उजळतात. ते त्याच क्रमाने, मग उलट क्रमाने दाखवायचे. बरोबर आले की पडद्यावर फुलांचा वर्षाव होतो आणि दिवसाचा पाठ पुरा केला की एक दिवा लागतो. सात दिव्यांची माळ झाली की अभिनंदन!

पहिला आठवडा मोठ्या हौसेने गेला. दुसऱ्या आठवड्यात व्यायामाची गोडी सरली, दिव्याची उरली. सतराव्या दिवशी माझे मलाच हसू आले. केवळ दिवा लागावा म्हणून मी सर्वांत सोपा पाठ निवडून उरकत होतो! ज्या लबाडीबद्दल मी जन्मभर पोरांचे कान धरले, तीच ही लबाडी. अठराव्या दिवशी ती पाटी कपाटात गेली.

परंतु मन स्वस्थ बसेना. छत्तीस वर्षे मुलांना अभ्यासाला बसवणाऱ्याला स्वतःला वीस मिनिटे बसवता येऊ नये? रुक्ष घोकंपट्टी माणूस कशाच्या बळावर करीत आला, याचा शोध घ्यावा असे वाटले.

शोध अर्थातच माझ्या घरच्या ओटीपासून सुरू झाला. १९५४-५५च्या सुमारास, आमचा तालुका पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत होता तेव्हा, दिवेलागणीला घरोघर परवचा चाले. शुभंकरोती झाली की पाढे. तीसपर्यंतचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी. आजच्या वाचकांना सांगायला हवे की औट म्हणजे साडेतीन. तीन औटे साडेदहा, पाच औटे साडेसतरा, असे अंगणात झुलत झुलत म्हणायचे. शाळेत छडी होती हे खरे. पण घरच्या परवच्याला छडी नव्हती, आणि तरीही तो चुकत नसे.

का चुकत नसे? आजोबा कापसाच्या पेढीवर हिशेबाला होते. सुट्टीच्या दिवशी मला बरोबर नेत. चाळीस शेरांचा मण, सोळा आण्यांचा रुपया. वजनाला पाव, अर्धा, पाऊण यांचे शेपूट लागलेलेच असे. अमक्या भावाने साडेतीन मणांचे किती, असे आजोबा सहज विचारीत. मी आकडा सांगितला की समोर बसलेला अनेरकाठचा शेतकरी आधी माझ्याकडे आणि मग आजोबांकडे पाही. ती नजर हाच माझा खाऊ. तसल्या एका नजरेवर पुढचे पंधरा दिवस औटकी सुखाने चाले.

पुढे १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ किलो-ग्रॅम आले आणि १९६२पर्यंत शेर-मण व्यवहारातून हटले. औटकीवर कोणी बंदी घातली नाही. पण पेढीवर ती विचारणारा उरला नाही आणि अंगणात ती म्हणणारा उरला नाही. माझ्या धाकट्या भावाला औटकी येत नाही. तो माझ्यापेक्षा हुशार आहे, तरी येत नाही.

तापीपलीकडे अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. रोज! आपल्याचसाठी कोणीतरी जागून लिहिले आहे हे दिसल्यावर कोणता मुलगा ते वाचल्यावाचून राहील?

याच प्रश्नाशी साहेबलोकही झगडलेले आहेत. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला अनाथ मुलांची शाळा चालवीत होता. एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि तोच प्रकार आपल्या शाळेत आणला. शिक्षक तयार होईनात, तेव्हा त्याने मोठ्या मुलाला लहानाच्या शेजारी बसवले. १७९७ साली त्याने यावर पुस्तक लिहिले आणि आपल्याकडची धूळपाटी विलायतेला जाऊन पोचली.

यंत्राची कथा पुढची. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या सिडनी प्रेसी या प्राध्यापकाने १९२०नंतरच्या दशकात प्रश्न विचारणारे एक यंत्र बनवले. ठरलेली बरोबर उत्तरे झाली की त्यातून खडीसाखरेसारखी गोळी बाहेर पडे! यंत्राला कळणारी नजर नव्हती, म्हणून गोळी. १९५३ साली मानसशास्त्रज्ञ स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. उत्तर बरोबर की चूक हे मुलांना दुसऱ्या दिवशी कळते हे पाहून अस्वस्थ झाले आणि त्यांनीही यंत्र बांधले. उत्तर लिहिताच निकाल, आणि पायऱ्या इतक्या लहान की चूक क्वचितच व्हावी. माझ्या पडद्यावरची फुले ही स्किनरसाहेबांच्या यंत्राची नातवंडे होत.

पण बक्षिसाची एक खोड आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना आधीच सांगितले, चित्र काढा, फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. त्यांनी काढली, त्यांना मिळाले. एकदोन आठवड्यांनी रंग पुन्हा नुसते समोर ठेवले, तेव्हा तीच मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढू लागली. हे वाचले आणि सतरावा दिवस आठवला.

संगणकावरच्या चौकोनांचा व्यायाम स्टॉकहोमच्या टोर्केल क्लिंगबर्ग यांच्या २००२च्या प्रयोगाने गाजला. त्यातली युक्ती मला पटते. जमले की पाठ अवघड होतो, चुकले की सोपा होतो. चांगला मास्तर हेच करतो. मात्र २०१४ साली अमेरिकेत कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी मुलांवर करून पाहिले, तेव्हा गुणांचा आकडा सतत डोळ्यांसमोर नाचवल्याने शिकण्यात अडथळाच येतो असे त्यांना आढळले. फुलांचा वर्षाव थोडा आवरता घ्यावा, हे माझे मत निव्वळ म्हातारपणाचे नव्हते तर!

आणि मूळ प्रश्न उरतोच: याने भाच्याचे नाव आठवेल का? २०१० साली एड्रियन ओवेन यांनी ११,४३० माणसांवर सहा आठवडे केलेली पाहणी 'नेचर'मध्ये छापून आली. ज्या खेळाचा सराव केला त्यात लोक सुधारले. बाकी बुद्धी होती तिथेच. २०१६ साली 'ल्युमॉसिटी'च्या चालकांना भलतीसलती आश्वासने दिल्याबद्दल वीस लाख डॉलर भरावे लागले. उलट बाजूही आहे. पासष्टीपुढच्या २,८३२ माणसांना अमेरिकेत थोडेच दिवस शिकवले आणि दहा वर्षांनी पाहिले. विचारशक्ती व चपळाई यांच्या शिकवणीचा लाभ टिकला होता, स्मरणशक्तीच्या शिकवणीचा टिकला नव्हता. म्हणजे मला जे हवे होते नेमके तेच! औटकीनेही मला औटकीच आली, इतिहासाच्या सनावळ्या काही पाठ झाल्या नाहीत.

हे सगळे मी एका संध्याकाळी घरात वाचून दाखवले. सौभाग्यवतींनी ऐकून घेतले, उठल्या आणि कपाटातून पाटी काढून आणली. "मलेबी शिकाडा," म्हणाल्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. पहिल्या दिवशी तीन चौकोनांवर अडल्या, महिन्याभरात पाचांवर आल्या. मी सहावर आहे आणि मला भीती वाटू लागली आहे. उलट क्रमात त्या माझ्यापेक्षा सरस आहेत. विणकामाची घरे उलटी मोजायची सवय, असे त्यांचे म्हणणे.

भाच्याला मी फोन केला. बाजारात नाव आठवले नव्हते हे कबूल केले. तो हसला आणि म्हणाला, "मामा, मलेबी तुमनी औटकी कोठे याद शे?" यंदा भाऊबीजेला तो येणार आहे. त्याचे नाव मी उशाशी लिहून ठेवले आहे.

इतके लिहून होईतो अंधार पडला. आतून हाक येते आहे, "आयकं का, तुमना आजना दिवा लागना का नही?" नाही लागला अजून.