समुद्राच्या हिरवाईचे मोजमाप

जमिनीवरची हिरवाई डोळ्यांना दिसते. समुद्रातली दिसत नाही. समुद्रातील बहुतांश वनस्पती एकपेशीय असतात आणि प्रवाहाबरोबर वाहत राहतात. त्यांनाच वनस्पती प्लवक म्हणतात. आकाराने नगण्य असलेले हे जीव प्रकाशसंश्लेषणाद्वारे दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन कार्बनचे सेंद्रिय पदार्थांत रूपांतर करतात. पृथ्वीवरील एकूण वनस्पती उत्पादनाचा हा जवळजवळ निम्मा वाटा आहे. प्राणी प्लवक, तारली, बांगडा, सुरमई आणि अखेरीस माणूस अशी अन्नसाखळी याच उत्पादनावर उभी आहे. म्हणूनच समुद्रात हरितद्रव्य किती आहे आणि त्यापासून दररोज किती कार्बन बांधला जातो, हे दोन प्रश्न सागरविज्ञानात मूलभूत मानले जातात.

हे दोन प्रश्न एक नव्हेत. हरितद्रव्याचे प्रमाण म्हणजे शेतात उभे असलेले पीक आणि उत्पादकता म्हणजे त्या पिकाच्या वाढीचा वेग. प्राणी प्लवक झपाट्याने चरत असतील, तर उभे पीक थोडे दिसते. पण वाढीचा वेग मोठा असू शकतो.

बाटली आणि गाळणी

समुद्राच्या पारदर्शकतेची नोंद घेण्याची सर्वांत साधी पद्धत इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली वापरली. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती ज्या खोलीवर दिसेनाशी होते ती खोली टिपायची. प्लवकांची दाटी जितकी अधिक, तितकी ही खोली कमी. ही तबकडी आजही संशोधन नौकांवर वापरली जाते.

हरितद्रव्याचे नेमके मोजमाप मात्र प्रयोगशाळेत होते. नौकेवरून ठरावीक खोल्यांवर बाटल्या सोडून पाण्याचे नमुने घेतले जातात. हे पाणी काचतंतूंच्या बारीक गाळणीतून गाळतात. गाळणीवर राहिलेले प्लवक ९० टक्के ॲसिटोनमध्ये अंधारात व थंडीत ठेवले की हरितद्रव्य द्रावणात उतरते. या द्रावणावर निळा प्रकाश टाकल्यास ते तांबडा प्रकाश बाहेर टाकते आणि त्याच्या तीव्रतेवरून हरितद्रव्याचे प्रमाण कळते. खुल्या, पोषकद्रव्यविरहित समुद्रात ते एका घनमीटर पाण्यात ०.१ मिलिग्रॅमहूनही कमी असते. प्लवकांचा बहर आला की तेच १० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकते.

उत्पादकता मोजण्यासाठी डॅनिश शास्त्रज्ञ आयनर स्टीमान नील्सन यांनी १९५२ साली किरणोत्सारी कार्बनची पद्धत मांडली. नमुन्याच्या बाटल्यांत कार्बन-१४ असलेले क्षार अत्यल्प प्रमाणात मिसळतात. काही बाटल्या पारदर्शक, तर काही काळ्या असतात. त्या पुन्हा मूळ खोलीवर टांगून ठेवतात किंवा नौकेवरच तेवढा प्रकाश देऊन ठेवतात. ठरावीक तासांनंतर पाणी गाळून प्लवकांनी किती किरणोत्सारी कार्बन शोषला हे मोजतात. उजेडातील आकड्यातून अंधारातील आकडा वजा केला की प्रकाशसंश्लेषणाचा वेग मिळतो. प्रत्येक खोलीवरील आकड्यांची बेरीज करून तो दर चौरस मीटरला दररोज किती मिलिग्रॅम कार्बन, अशा रूपात सांगितला जातो.

ही मोजमापे विश्वासार्ह असली तरी ती एका जागेची व एका दिवसाची असतात. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी नौका १,४०० किलोमीटरचे अंतर सलग तीन दिवसांत कापते. तोवर पहिल्या ठिकाणचा बहर ओसरलेलाही असतो.

आकाशातून दिसणारा रंग

या अडचणीवरचा उपाय समुद्राच्या रंगातच होता. हरितद्रव्य निळा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषते आणि हिरवा फारसा शोषत नाही. त्यामुळे प्लवक विरळ असलेला समुद्र गर्द निळा दिसतो आणि प्लवक वाढले की तो हिरवट होत जातो. उपग्रहावरील उपकरण ४४३ आणि ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश व ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश वेगवेगळा मोजते. या दोहोंच्या गुणोत्तरावरून हरितद्रव्याचा अंदाज काढला जातो. हे गुणोत्तर आणि प्रत्यक्ष हरितद्रव्य यांचा संबंध नौकांवरील हजारो नमुन्यांच्या आधारे बसवलेला आहे.

समुद्राचा रंग मोजणारे पहिले उपकरण अमेरिकेच्या निंबस-७ उपग्रहावरून ऑक्टोबर १९७८ मध्ये गेले आणि १९८६ पर्यंत चालले. त्यानंतर मोठा खंड पडला. १९९७ साली सीविफ्स हे उपकरण अवकाशात गेले आणि तेव्हापासून जागतिक नोंदी अखंड उपलब्ध आहेत. भारताने २६ मे १९९९ रोजी ओशनसॅट-१ सोडला. त्यावरील सागर रंगमापक आठ रंगपट्ट्यांत मोजमाप करी आणि एका फेरीत १,४२० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपत असे. २००९ साली ओशनसॅट-२ आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी १३ रंगपट्ट्यांचा मापक असलेला ईओएस-०६ कक्षेत गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला नासाचा पेस उपग्रह मोजक्या पट्ट्यांऐवजी जवळजवळ सलग वर्णपट मोजतो. त्यामुळे प्लवकांचे गटही ओळखता येण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

आकड्यांच्या मर्यादा

उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ९० टक्के प्रकाश वातावरणाने विखुरलेला असतो. समुद्रातून आलेला भाग उरलेल्या दहा टक्क्यांचा. वातावरणाचा हिस्सा वजा करताना झालेली लहान चूकही हरितद्रव्याच्या आकड्यात मोठी होऊन उतरते. त्यामुळे हवाई बेटांपैकी लनाई बेटाजवळ एक प्रकाशमापक तरंगक कायम ठेवलेला आहे. त्याच्या नोंदींशी उपग्रहांची मोजमापे पडताळली जातात. एवढी काळजी घेऊनही खुल्या समुद्रात सुमारे ३५ टक्क्यांपर्यंतची तफावत स्वीकारार्ह मानली जाते.

किनाऱ्याजवळ अडचण अधिक बिकट होते. खाड्यांतून येणारा गाळ आणि विरघळलेली सेंद्रिय द्रव्येही पाण्याचा रंग बदलतात. त्यामुळे गढूळ पाणी उपग्रहाला प्लवकांनी समृद्ध वाटू शकते. तिसरी मर्यादा खोलीची. मार्च ते मे या काळात खुल्या अरबी समुद्रातील हरितद्रव्याचा सर्वांत दाट थर पृष्ठभागावर नसून पुष्कळ खाली असतो. तो उपग्रहाच्या दृष्टीपलीकडे राहतो.

उत्पादकता तर उपग्रह प्रत्यक्ष मोजतच नाही. हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, दिवसाची लांबी आणि पृष्ठभागाचे तापमान यांवरून ती गणिताने काढली जाते. १९९७ साली बेहरेनफेल्ड आणि फाल्कोव्स्की यांनी मांडलेले असे प्रारूप आजही प्रचलित आहे. त्याची कसोटी शेवटी कार्बन-१४ च्या बाटल्यांवरच लागते.

अरबी समुद्राचा प्रश्न

अरबी समुद्र वर्षातून दोनदा बहरतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यालगत खोलवरचे थंड, पोषक पाणी वर येते. हिवाळ्यात उत्तरेकडील कोरड्या, गार वाऱ्यांनी पृष्ठभागाचे पाणी थंड व जड होऊन खाली बसते आणि पोषकद्रव्ये वर मिसळतात. ही हिवाळी प्रक्रिया गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एम. मधुप्रताप व सहकाऱ्यांनी भारतीय मोहिमांतील नोंदींच्या आधारे १९९६ साली 'नेचर' नियतकालिकात स्पष्ट केली. मोसमातील बहर उपग्रहाला पुरता दिसत नाही, कारण नेमके तेव्हाच आकाश ढगांनी झाकलेले असते.

या मोजमापांतून एक महत्त्वाचा वाद उभा राहिला. १९९७ ते २००४ या काळातील उपग्रह नोंदींवरून २००५ साली 'सायन्स'मध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की पश्चिम अरबी समुद्राची उन्हाळी उत्पादकता झपाट्याने वाढत आहे. नंतरच्या अभ्यासांत ही वाढ सर्वत्र वा सातत्याने आढळली नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१६ साली उलट चित्र मांडले. त्यांच्या मते समुद्र तापल्याने पाण्याचे थर एकमेकांत मिसळेनासे झाले आणि सहा दशकांत पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पती प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले. थोड्या वर्षांच्या नोंदींवरून दीर्घकालीन कल ठरवणे किती जोखमीचे, हे या वादाने दाखवून दिले. हवामानबदलाचा परिणाम नैसर्गिक चढउतारांतून वेगळा ओळखण्यासाठी सुमारे ४० वर्षांच्या नोंदी लागतील, असे २०१० सालच्या एका अभ्यासाने म्हटले आहे. सलग उपग्रह नोंदी अद्याप तेवढ्या झालेल्या नाहीत.

मच्छीमारांपर्यंत

हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र हरितद्रव्य व तापमानाच्या उपग्रह नोंदींवरून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना देते. ती मराठीसह किनाऱ्यावरील भाषांतून मच्छीमारांपर्यंत पोहोचते. थंड व उबदार पाण्याच्या सीमेवर हरितद्रव्य वाढले की तेथे मासळी जमण्याची शक्यता असते. शोधाचा वेळ वाचला की डिझेल वाचते. मात्र ढगाळ दिवसांत अशी सूचना देता येत नाही.

ढगांखालचा आणि पृष्ठभागाखालचा समुद्र जाणण्यासाठी आता स्वयंचलित अर्गो तरंगकांवर हरितद्रव्यमापक बसवले जातात. ते खोलवर बुडून वर येतात आणि नोंदी उपग्रहाद्वारे पाठवतात. तरीही त्यांच्या मापनाची खात्री करून घेण्यासाठी नौकेवर गाळलेल्या पाण्याकडेच यावे लागते. संशोधन नौकांच्या मोहिमा खर्चिक आहेत. परंतु त्या कमी झाल्या तर उपग्रहाच्या रंगीत नकाशांवर किती विश्वास ठेवावा, हे सांगणारे काहीच हाती उरणार नाही.