कुत्र्याला फिट येते? औषधाइतकीच सांभाळा ही ७ पथ्यं

घरातला कुत्रा अचानक कोसळतो, पाय झाडतो, तोंडाला फेस येतो. घरचे घाबरतात. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल. याचा काहीही उपयोग होत नाही.

वारंवार येणाऱ्या अशा फिटला अपस्मार म्हणतात. मेंदूतल्या विद्युत संदेशांचा तोल बिघडल्याने फिट येते. कारण सापडत नाही असा अपस्मार बहुतेकदा ६ महिने ते ६ वर्षं या वयात सुरू होतो. तो सहसा पूर्ण बरा होत नाही, पण आटोक्यात ठेवता येतो.

फिट आल्यावर काय करायचं?

घड्याळ बघा. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत थांबतात. तोंडात हात घालू नका; कुत्रा जीभ गिळत नाही, पण चावू शकतो. आजूबाजूचं सामान हलवा, दिवे आणि टीव्ही बंद करा. जमलं तर व्हिडिओ काढा, निदानाला मदत होते.

फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा २४ तासांत दोन फिट आल्या, तर ताबडतोब डॉक्टर गाठा. रेबीजची लस न घेतलेल्या कुत्र्याला हात लावू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

रोजची पथ्यं

१. फेनोबार्बिटोनसारखी गोळी साधारणपणे दर १२ तासांनी असते. मोबाइलवर अलार्म लावा.

२. फिट थांबल्या म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक बंद केल्यास जोरदार फिट येऊ शकते.

३. या गोळीने भूक आणि तहान वाढते. वजनावर लक्ष ठेवा, पाणी मात्र तोडू नका. यकृतासाठी ठरलेल्या रक्ततपासण्या चुकवू नका.

४. पोटॅशियम ब्रोमाइड सुरू असेल तर वेफर्स, चिवडा, पापड बंद. खाण्यातलं मीठ वाढलं की औषध शरीरातून लवकर बाहेर पडतं आणि फिट परतू शकते.

५. जेवण, फिरणं, झोप यांच्या वेळा ठरवा. काही कुत्र्यांना ताण किंवा अपुऱ्या झोपेनंतर फिट येते. दिवाळीचे फटाके, विसर्जनाचे ढोल या काळात आतल्या खोलीत ठेवा.

६. गच्ची, जिना आणि पाण्याजवळ एकटं सोडू नका.

७. तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय घडलं, हे वहीत लिहा. डॉक्टर डोस त्यावरूनच ठरवतात.

भिवंडीकरांनी काय लक्षात ठेवावं?

भिवंडीत अनेक घरांना लागूनच यंत्रमाग चालतात. त्या खडखडाटाने प्रत्येक कुत्र्याला फिट येईलच असं नाही. वहीत तसा संबंध दिसला, तर झोपायची जागा मागाच्या भिंतीपासून दूर हलवा.

दुसरा प्रश्न अंतराचा. प्राण्यांवरच्या उपचारांसाठी अनेकजण परळच्या ‘बैलघोडा’ हॉस्पिटलची वाट धरतात. पण गोदामांच्या ट्रकच्या कोंडीत ५ मिनिटं कधीच उलटून जातात. म्हणून घरी द्यायचं तातडीचं औषध आणि ते देण्याची पद्धत जवळच्या पशुवैद्यांकडून आधीच समजून घ्या. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, तो नंबर फ्रिजवर चिकटवा.

गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. शेवटची पट्टी उघडली की दुसरी आणायची, एवढा नियम घरातल्या सगळ्यांना माहीत हवा.