फुंकरीचा महिमा

माणसाचा फुंकरीवर फार विश्वास. चूल पेटेना, फुंका. पोराचा गुडघा फुटला, फुंका! तेव्हा १९८५ साली अमेरिकेत आलेल्या निन्टेंडोच्या यंत्रात खेळाची कॅसेट चालेना म्हणून तिकडच्या पोरांनीही गाल फुगवले, याचं मला नवल वाटत नाही. दोष असे बहुधा आतल्या ७२ पिनांच्या सैल पकडीचा. पहारेकरी चिपची खात्री पटेना, की पडदा आपला लुकलुकतोय. कॅसेट काढून पुन्हा घातली की पिना जुळत. श्रेय मात्र फुंकरीला! तोंडच्या ओलाव्यानं पट्ट्या उलट गंजायच्या. जाणकार त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसतात. पण १९८७च्या ‘झेल्डा’तली बटणाएवढी बॅटरी संपली, की लहानपणी जपलेला डाव कायमचा पुसला जातो. नवी बॅटरी डाकता येते, जुना डाव नाही. तिथं मात्र, मी म्हणतो, खुशाल फुंकर घालावी; कॅसेटवर नव्हे, तिच्या मालकाच्या मनावर.