श्त्राफ

दुसऱ्या महायुद्धावरच्या रशियन मालिका-चित्रपटांत ‘श्त्राफबात’ हा शब्द वारंवार कानी पडतो. ‘बात’ म्हणजे बटालियन; ‘श्त्राफ’ मात्र मूळचा जर्मन, अर्थ शिक्षा. रशियन भाषेत तो दंडाची रक्कम या अर्थाने रुळला.

२८ जुलै १९४२ला स्टालिनचा २२७ क्रमांकाचा हुकूम निघाला : एक पाऊलही मागे नाही! कसूर केलेल्या अधिकाऱ्यांसाठी श्त्राफबात, शिपायांसाठी दंड-कंपन्या उभ्या राहिल्या. मुदत एक ते तीन महिने, तीही आघाडीवरच्या सर्वांत धोक्याच्या जागी. जखमी झालेल्याने रक्त सांडून गुन्हा फेडला असे मानत आणि त्याचा हुद्दा परत देत. जखमेला दंडाची पावती मानणारा हा हिशेब मला अमानुष वाटतो.

याच शब्दाची दुसरी वाट इंग्रजीत गेली. पहिल्या महायुद्धात ‘देव इंग्लंडला शिक्षा करो’ ही जर्मन घोषणा गाजली. ब्रिटिश शिपायांनी त्यातले क्रियापद उचलले; पुढे खालून उडणाऱ्या विमानातून जमिनीवर केलेल्या गोळीबाराला ‘स्ट्रेफिंग’ म्हणू लागले.

आज मॉस्कोत गाडी चुकीच्या जागी लावली की भरावा लागतो तो श्त्राफच, आणि फुटबॉलमधली फ्री किकही रशियनमध्ये ‘श्त्राफनोय’ असते.