एका नावाचे तीन लुका



शुभवर्तमानकार संत लूक यांना इटलीत ‘लुका’ म्हणतात. संत पौलाचा हा प्रिय वैद्य. त्याचे नाव तिथे पिढ्यान् पिढ्या मुलांना ठेवले जाते.

लुका पाचोली हे फ्रान्सिस्कन संन्यासी. १४९४ साली व्हेनिसमध्ये त्यांचा गणिताचा ग्रंथ छापला गेला. व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत त्यांनी त्यात समजावून सांगितली: प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा, एकदा नावे आणि एकदा जमा. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. वहीची सुरुवात देवाच्या नावाने करावी, असेही ते सांगतात. बाजारातला हिशेबही देवासमोरच होतो, ही त्यांची श्रद्धा.

त्यांचेच समकालीन चित्रकार लुका सिन्योरेल्ली यांनी ऑर्विएतोच्या कॅथेड्रलमध्ये अंतिम न्यायाची भित्तिचित्रे रंगवली. कबरींतून उठणारी माणसे तिथे आजही पाहता येतात.

आणि आपल्या काळातले लुका तोनी! २००६च्या फुटबॉल विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी युक्रेनविरुद्ध दोन गोल केले. इटली त्या वर्षी जगज्जेती ठरली.

नाव एकच, पण एकाच्या हाती लेखणी, दुसऱ्याच्या हाती कुंचला, तिसऱ्याच्या पायाशी चेंडू. संताचे नाव ठेवले म्हणून कोणी आपोआप संत होत नाही, आणि सर्वांनी एकाच वाटेने जावे असेही देव म्हणत नाही.

स्नानसंस्काराच्या वेळी आपल्यालाही नाव मिळाले. पाचोलींच्या वहीप्रमाणे पाहिले तर ते आपल्या नावे लिहिलेले देणे आहे. जमेच्या बाजूला आज आपण काय लिहिणार?