जमिनीच्या कागदावर लेकीचे नाव



भैंसा आणि नांदेड यांच्यामध्ये राज्याची सीमा आली ती १९५६ साली. तोवर दोन्ही मुलूख हैदराबाद राज्यात होते. आपण आंध्र प्रदेशात गेलो, २०१४ साली तेलंगणात आलो आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहोत. सीमा आली, तरी सोयरीक तुटली नाही. काळी माती तीच, कापूस तोच आणि तो वेचणारे हातही मुख्यतः बायकांचेच राहिले. त्या हातांचा मातीवरील हक्क मात्र सीमेच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या वेळी मान्य झाला.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यात हिस्सा दिला. परंतु वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क दिला नाही. आंध्र प्रदेशाने तो ५ सप्टेंबर १९८५ पासून दिला, महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून. दोन्हीकडे त्या दिनांकापूर्वी विवाह झालेल्या लेकी वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट दूर केली.

त्या वगळलेल्यांपैकी एक माझी थोरली बहीण. २००५ नंतर तिला हक्क मिळाला. वडिलांच्या पश्चात फेरफाराची वेळ आली तेव्हा तिने हक्कसोडपत्रावर सही केली. ती सातवी शिकलेली होती. कागद पूर्ण वाचून तिने सही केली. भय होते ते माहेर तुटण्याचे. त्या कागदाचा लाभ मला झाला आणि मी तो मुकाट्याने घेतला. आज या व्यासपीठावरून ते सांगणे मला आवश्यक वाटते.

नाव नसण्याची किंमत मोठी असते. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई यांचा मार्ग कागदावरूनच जातो. तेलंगणात २०१८ साली सुरू झालेल्या रैतु बंधु योजनेची रक्कमही पट्टेदाराच्याच नावाने येई.

कायद्याची वाट न पाहता पाऊल टाकल्याचे उदाहरणही आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिला आघाडीचे विराट अधिवेशन भरले. पुढे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम हाती घेतली आणि अनेक शेतकऱ्यांनी स्वतः होऊन पत्नीच्या नावे जमीन केली.

जमीन बाईच्या विचाराने कसली, तर काय घडते, हे लातूर-उस्मानाबाद भागाने दाखविले. १९९३ च्या भूकंपानंतर तेथे कार्य करणाऱ्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या प्रेरणेने, पाऊस वारंवार दगा देत असता, स्त्रियांनी घरच्या शेतातील अर्धा-एक एकर मागून घेतला. नगदी पिकाऐवजी त्यांनी तेथे ज्वारी, कडधान्ये, भाजीपाला अशी कमी पाण्यावरील मिश्र पिके सेंद्रिय खतावर घेतली. प्रथम घरचे ताट भरले, उरले ते बाजारात गेले. २०१६ साली या कार्यास संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार लाभला. परंतु मागून घेतलेला एकर परतही मागता येतो, हे विसरून चालणार नाही.

या विद्यालयाने लेकींना अक्षर दिले. माझ्या बहिणीच्या अनुभवाने मला शिकविले, की अक्षर पुरेसे नाही. भावानेही शिकावे लागते. येथे बसलेल्या भावांना एवढीच विनंती, की बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवण्यापूर्वी, माहेराचे दार सहीवाचूनही उघडे राहील, हे तिला आपल्या तोंडाने सांगा. मी ते सांगितले नव्हते.