जीएसची निवडणूक कुठे गेली?

१९८९ साली विद्यार्थ्यांच्या हाती काही आलं आणि पुढे काही जाणार, हेही त्याच साली ठरलं. मार्चअखेर एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात आली. मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं आणि नोव्हेंबरातल्या लोकसभा निवडणुकीत अठरा-एकोणीस वर्षांची मुलं-मुली पहिल्यांदाच मतदानाच्या रांगेत उभी राहिली. त्याच वर्षी मुंबईत कॉलेज निवडणुकांच्या राजकारणातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पाच वर्षांनी महाराष्ट्रात नवा विद्यापीठ कायदा आला आणि कॉलेजातलं थेट मतदान बंद झालं. खासदार निवडण्याइतपत शहाणा मानलेला मुलगा वर्गाचा प्रतिनिधी (सीआर) निवडायला मात्र अपात्र ठरला.

विद्यार्थ्यांच्या सार्वजनिक जीवनाची आपल्याकडची मुळं मतपेटीपेक्षा जुनी आहेत. जून १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा तिच्याच शाखा. निबंध वाचणं, त्यावर वाद घालणं, हा सुरुवातीचा कार्यक्रम. पण पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, या मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. शिकवणारे स्वयंसेवक होते आणि सकाळी आपापल्या कामाआधी विनावेतन शिकवत. नुकतेच शिकून बाहेर पडलेले दादाभाई नौरोजी त्यांत होते. घरोघर जाऊन ते मुलींच्या वडिलांची मनधरणी करत. कुणी ओसरी वापरू देई, कुणी जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी देई. नागरिकशास्त्राचा इतका चांगला तास पुढे क्वचितच भरला असेल. अनोळखी दारात उभं राहायचं, नकार ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. राजकारणाचा मूळ धडा हाच.

विद्यार्थी निबंध वाचत होते तोवर सरकारला त्यांचं कौतुक होतं. ते रस्त्यावर आल्यावर सूर बदलला. १९०५ मध्ये बंगालात कार्लाइल परिपत्रक निघालं. स्वदेशीच्या चळवळीपासून विद्यार्थ्यांना आवरलं नाही, तर शाळा-कॉलेजांचं अनुदान आणि शिष्यवृत्त्या जातील, अशी तंबी त्यात होती. ‘मुलांनी अभ्यास करावा’ या वडीलधाऱ्या वाक्याला सरकारी शिक्का बसला तो तेव्हापासून. त्याच वर्षी पुण्यात विदेशी कापडाची होळी केली म्हणून फर्ग्युसनने सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं.

मला यापेक्षा बोलकं वाटतं ते १९३८ सालचं निजामी राज्य. औरंगाबादचं इंटरमिजिएट कॉलेज आणि हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ इथल्या वसतिगृहांत मुलं प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणत. मनाई झाली. मुलांनी ती मानली नाही आणि शेकड्यांनी काढून टाकली गेली. काढून टाकणं म्हणजे वर्ष बुडणं, खोली जाणं आणि गावाकडे बापाला उत्तर देणं. नागपूर विद्यापीठाने त्यांना दारं उघडली, म्हणून अनेकांचं शिक्षण पुरं झालं. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांच्यातलेच. एका विद्यापीठाने हाकललेल्यांना दुसऱ्याने जवळ केलं, ही गोष्ट मराठवाड्यातल्या प्रत्येक कॉलेजात सांगितली गेली पाहिजे. इंग्रजी मुलखात किंमत याहून मोठी होती: चार वर्षांनी, ‘चले जाव’च्या आंदोलनात, नंदुरबारात शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले.

स्वातंत्र्यानंतर हा वारसा कॉलेजच्या मतपेटीत आला. जीएस (सरचिटणीस), यूआर (विद्यापीठ प्रतिनिधी), एलआर (विद्यार्थिनी प्रतिनिधी), सीआर ही पदं मराठी घरांत नातेवाइकांच्या नावांसारखी रुळली. त्या निवडणुकांत पैसा, दमदाटी, पळवापळवी शिरली, हे खरं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. एका मुलाचा जीव गेला, हे तर कुठल्याही युक्तिवादाने हलकं होत नाही. पण गुंडगिरी करणाऱ्याला शिक्षा करण्याऐवजी आपण मत देणाऱ्याचं मत काढून घेतलं. १९९४ च्या कायद्यानुसार मागच्या परीक्षेत चमकलेल्या विद्यार्थ्याला प्राचार्य वर्गाचा प्रतिनिधी नेमू लागले; क्रीडा, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक कार्यक्रम यांचे प्रतिनिधीही नेमलेलेच. मग नेमलेल्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा. गुणपत्रिका हीच उमेदवारी झाली. ग्रंथालय संध्याकाळी उघडं का नाही, हे विचारणारा मुलगा बासष्ट टक्क्यांवर असला, तर त्याला विद्यार्थी परिषदेत जागा नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी स्वीकारल्या. त्यांत वयाची अट, हजेरीची अट आणि दर उमेदवारी पाच हजार रुपये खर्चाची मर्यादा होती. म्हणजे निवडणूक घेऊनही ती आटोक्यात ठेवण्याची वाट होती. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणूक परत आणली. २०१९ मध्ये वेळापत्रकही लागलं. विधानसभा निवडणुकीचं कारण देऊन ते पुढे ढकललं. मोठ्यांच्या मतदानासाठी मुलांचं मतदान थांबलं. पुढच्या वर्षी कोविडने कॉलेजंच बंद केली.

मला कॉलेजातलं मत मोलाचं वाटतं ते एकाच कारणाने. आमदाराला मत दिलेला माणूस त्याला पाच वर्षांत एखाद्या वेळी भेटतो. सीआर दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये समोर बसलेला असतो. मेसच्या दराबद्दल काय केलंस, असं त्याला तोंडावर विचारता येतं आणि त्यालाही उत्तर द्यावंच लागतं. आज सतरा वर्षं पूर्ण झालेल्याला मतदार नोंदणीचा अर्ज आगाऊ भरता येतो आणि त्यासाठी कॉलेजातच शिबिरं भरतात. त्याच टेबलाशेजारी एक मतपेटी ठेवायला कायद्याने बंदी नाही. कायद्यात तिची तरतूद आहे.